पोटातली चार आणे जागा

फोन आला तेव्हा तिसरा कप भरून झाला होता. आमच्याकडे सकाळी साडेसातला तीन कप चहा होतो: एक आईचा, एक माझा आणि एक प्रल्हादचा. आई पंच्याऐंशीची आहे, पण चहाच्या पातेल्याला अजून कोणाला हात लावू देत नाही, आणि प्रल्हादच्या कपात तीन चमचे साखर पडल्याशिवाय तिच्या लेखी सकाळ होत नाही. त्या दिवशी ती साखर ढवळत होती आणि माझा मोबाइल वाजला. पलीकडे सुनंदावहिनी, प्रल्हादची बायको. "भाऊ, लवकर या... हे उठूनच नाही राह्यले." मी पायात चपला सरकवल्या. आई म्हणाली, "अरे, तो येईलच ना आता. चहा निवेल तुझा." मी निघालो. दुपारी परत आलो तेव्हा तो कप ओट्यावर तसाच होता, वर बशी झाकलेली. तोवर आईला कोणीतरी सांगितलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले; वय बासष्ट.

या गोष्टीला दीड महिना होत आला. लोणारच्या बसस्टँडसमोर बावीस वर्षं 'चायनीज'ची लाल पाटी लावून बसलेल्या प्रल्हादला अर्धा तालुका ओळखतो, त्यामुळे त्याच्यावर कोणीही लिहू शकेल. पण त्या तिसऱ्या कपाबद्दल माझ्याशिवाय कोणी लिहिणार नाही. त्या कपात तीन चमचे साखर होती, आणि प्रल्हादला तेरा वर्षांपासून मधुमेह होता, आमच्याकडे ज्याला सरळ 'शुगर' म्हणतात. आईला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. दोन वर्षं मी रोज सकाळी समोर बसून तो कप रिकामा होताना पाहिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. का नाही काढलं, ते सांगण्यासाठी मागे जावं लागेल.

आम्ही एका वर्गात होतो. मी पहिल्या बाकावर, कारण मी मास्तरांचा मुलगा. तो शेवटच्या बाकावर, कारण तो उंच होता. निदान त्याला तसं सांगितलं जायचं. त्याचे वडील किसनबाबा दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घराचे कवेलू फेरायला, म्हणजे कौलं शाकारायला, यायचे. उन्हात दिवसभर छपरावर. त्यांना चहा मिळायचा, नाही असं नाही. पण अंगणातल्या भिंतीच्या कोनाड्यात एक काचेचा ग्लास पालथा घातलेला असे. तो त्यांनी स्वतः घ्यायचा, आईनं वरून चहा ओतायचा, आणि पिऊन झाल्यावर त्यांनीच विसळून पुन्हा पालथा घालायचा. साखर कमीच असायची. कामाच्या माणसाचा चहा म्हणून वेगळा व्हायचा तो. माझे वडील वर्गात समता शिकवत आणि घरी हा ग्लास सांभाळत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन, मला त्यात काही खटकल्याचं आठवत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खटकलं होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रल्हाद मात्र कधीकधी बापाबरोबर कवेलू झेलायला यायचा आणि त्या कोनाड्याकडे पाठ करून बसायचा.

बारावीत तो गणितात आपटला, दोन-चार वर्षं इकडेतिकडे मजुरी केली आणि बाविसाव्या वर्षी नागपूरला गेला. तिथे एका चिनी कुटुंबाचं हॉटेल होतं. त्यांचे पणजोबा केव्हातरी कलकत्त्याला येऊन राहिलेले, पुढे एक शाखा नागपुरात आली. कढईवर जो म्हातारा उभा असे त्याला सगळे उस्ताद म्हणत. डोळे चिनी, बोली नागपुरी हिंदी. प्रल्हाद तिथे कोबी चिरायला लागला आणि सतरा वर्षांनी मोठ्या कढईवरून उठून गावी आला. त्या हॉटेलातली एक गोष्ट त्यानं मला शंभर वेळा सांगितली असेल. गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की दुपारी तीनला उस्तादचं घरचं जेवण मांडलं जाई. मध्ये दोन-तीन भांडी, भोवती सगळे, मालक, वाढपी, भांडी घासणारे, प्रत्येकाच्या हातात भाताची लहान वाटी आणि दोन काड्या. "पयल्या दिवशी म्या आपली थाळी घेतली अन् भिंतीकडे जाऊन बसलो," प्रल्हाद सांगायचा. "उस्ताद म्हने, उधर क्यूं बैठा? खाना तो इधर है. अन् सारे एकाच भांड्यात काड्या घालून राह्यले होते मन्या! मालकाची काडी, माही काडी, एकाच भांड्यात." हे सांगून झालं की प्रत्येक वेळी तो विषय बदलून आल्या-लसणावर यायचा.

त्या दुपारच्या जेवणात आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यातल्या जेवणात जमीन-अस्मानाचा फरक होता. पुढे लाल, दाट, गोड, तळलेलं. मागे वाफेवरचा साधा भात, ढीगभर पालेभाजी, आलं घातलेलं पातळ सूप, कधी वाफवलेला मासा, वर पातीचा कांदा. साखर उस्ताद वापरायचाच नाही असं नव्हे. आंबटपणा टोचू नये म्हणून एखाद्या पदार्थात चिमूटभर, आणि त्यांच्या नव्या वर्षाला तांदळाचा एक चिकट गोड प्रकार. एरवी जेवणानंतर गोड म्हणजे संत्र्याच्या दोन फोडी, नागपूरच असल्यामुळे त्यांना तोटा नव्हता. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, दिवसभर. आणि उस्तादचा एकच मंत्र: बारा आना खाओ, चार आना जगह छोडो. पोट सोळा आणे भरायचं नाही. पण गंमत अशी, की म्हातारपणी हाच उस्ताद नागपूरच्या जिलबीच्या नादी लागला. सुटला, शुगर लागली, शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. प्रल्हाद दवाखान्यात त्याच्या उशाशी होता. म्हणायचा, "उस्तादनं जेवून शिकोलं, अन् न ऐकून बी शिकोलं."

प्रल्हाद गावी परतला त्याच महिन्यात माझे वडील गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो भेटायला आला आणि सवयीनं अंगणातच उभा राहिला. आई दारात आली. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कोनाड्याकडे. ग्लास केव्हाच फुटला होता, कोनाडा तेवढा होता. "आत ये," ती म्हणाली. तो खुर्चीवर बसला, अगदी कडेला, जणू खुर्ची उधारीची आहे. आईनं चहा केला आणि पाहुण्यांसाठीची सोनेरी कडेची कपबशी काढली. त्या दिवशी तिनं डब्यातून किती साखर घेतली ते मी पाहिलं: तीन चमचे, शिगोशीग. माझी आई माफी मागणाऱ्यांपैकी नाही. तिला जे म्हणायचं होतं ते तिनं त्या कपात ढवळलं. प्रल्हादनं चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कपबशी घेऊन उठला, मोरीकडे निघाला. बापाला पाहून अंगात भिनलेलं असणार. आईनं झटकन पुढे होऊन कप त्याच्या हातातून काढून घेतला. "ठेव तो. मी आहे ना." मग काही वेळानं म्हणाली, "रोज येत जा सकाळी. घर खायला उठतं." तेव्हापासून तो रोज आला. पहाटे तळ्याच्या काठाकाठानं फिरायचा आणि साडेसातला आमच्या दारात हजर.

त्याचं दुकान लगेच चाललं. लोणारला तळं पाहायला येणारे पर्यटक असतातच, पण खरी गर्दी आपल्याच पोरांची. मंचुरियन, नूडल्स, तिखट-गोड लाल रस्सा. त्याला मी एकदा खवचटपणे विचारलं, "काय रे, हेच शिकलास का उस्तादकडून?" तो हसला. "थे चीनचं नाही बे, थे आपल्या जिभेचं हाये. लेकराईले आवडते, देतो. पन गोड म्हंजे जावई. सनावाराले आला तं बासुंदी कर. रोजच मुक्काम ठोकला तं घर धुऊन नेते." एखादा गुटगुटीत पोरगा लागोपाठ तिसऱ्या दिवशी आला की त्याच्या प्लेटमध्ये कोबी वाढे आणि रस्सा आटे, पोराला कळायचंही नाही. आणि दुकानात चहा मागणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "शक्कर किती टाकू?" आमच्या भागात असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे हात आखडणं, पाहुण्याला तोंडावर कंजूषपणा दाखवणं. लोक आधी हिरमुसले, पाठीमागे हसले, मग सवय झाली. त्या प्रश्नाला खरं उत्तर देणारे मात्र थोडे. "टाका तुमच्या मनानं," म्हणून मोकळे.

आता माझ्याकडे वळतो, कारण या लेखातला जाड माणूस मीच आहे. मी तहसीलमध्ये कारकून होतो. फायलीवर फाइल, त्यावर चहा, चहावर समोसा, आणि कोणाच्या ना कोणाच्या घरी मुलगा झाल्याचे पेढे. अकरा वर्षांपूर्वी वजन अठ्ठ्याण्णव किलो झालं आणि मेहकरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, बातमी चांगली नाही. मी घरी कोणाला न सांगता आधी प्रल्हादच्या दुकानात गेलो आणि त्याला कागद दाखवला. त्यानं कागद वाचला नाही, मला वरपासून खालपर्यंत वाचलं. "उद्यापासून संध्याकायचं जेवन माह्याकडे. गोळ्या डॉक्टरच्या, थाळी माही. अन् नखरे केले तं पाटी डोक्यात घालीन."

मला वाटलं, चला, रोज नूडल्स. मागच्या खोलीत स्टुलावर बसवून त्यानं माझ्यापुढे जे ठेवलं ते पाहून मला रडू यायचं बाकी होतं. लहान वाटीत भात, दुधी आणि आल्याचं पाण्यासारखं सूप, आणि ही भलीमोठी हिरवी भाजी. हातात दोन काड्या. म्हटलं, चमचा दे. "चमच्यानं तू पाच मिन्टात उरकतं. काड्यांनी अर्धा घंटा लागते. तेवढ्यात पोटाले कयते का आपलं झालं." पहिले आठ दिवस भात माझ्या शर्टावर जास्त आणि तोंडात कमी गेला. तहसीलमधले दोघे-तिघे मुद्दाम मागच्या खिडकीतून डोकावून जायचे. नवव्या दिवशी मला भाजीची चव लागली. आचेवर लसूण फुटलेला, पानं अजून हिरवीगार, चावताना कुरकुर... आणि ओळखीची. विचारलं, ही कोणती चिनी भाजी? प्रल्हाद पोट धरून हसला. "चिवळ हाये बे! बीबी गावच्या बाजारातून आनली. तुह्या मायनं लहानपनापासून खाऊ घातली तुले." उस्तादकडची पालेभाजी इथे मिळत नव्हती, म्हणून त्यानं रीत ठेवली आणि भाजी आपली घेतली. कधी चिवळ, कधी घोळ, कधी तांदुळजा. तापलेल्या कढईत दोन मिनिटं, वर सोया सॉसचे चार थेंब. त्याचं म्हणणं असं, की चीन काय आणि वऱ्हाड काय, गरिबाच्या घरचं जुनं जेवण सगळीकडे सारखंच शहाणं असतं. बिघडतं ते पाहुण्यांच्या पंगतीत आणि हॉटेलात. दीड वर्षात माझं वजन चौदा किलो उतरलं. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि विचारलं, काय करता? म्हटलं, चायनीज खातो. त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायची आणि मी तिची टर उडवायचो. प्रल्हाद दुपारी भाताला शिवत नसे. बायको घरून डबा पाठवी, त्यात भाजी, एक अंडं, अर्धी ज्वारीची भाकरी. म्हणायचो, "उस्तादचा चेला अन् भात सोडला? नाक कापलं तू त्याचं." तो म्हणायचा, "माही चार आने जागा हाये थे. तुले काय करा लागते?" मी समजलो, नेहमीचा तिरकसपणा.

दोन वर्षांपूर्वी मेहकरला औषधाच्या दुकानात मी माझ्या गोळ्या घ्यायला गेलो. काउंटरवर पाठमोरा प्रल्हाद उभा. दुकानदारानं त्याच्यापुढे गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या, आणि त्या माझ्याच होत्या. म्हणजे तीच गोळी, तोच रंग, फक्त माझ्यापेक्षा जास्त ताकदीची. तो वळला, मला पाहिलं आणि पट्ट्या खिशात कोंबल्या. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. "किती वर्षं?" मी विचारलं. "अकरा." मी हिशोब केला. मला काड्या धरायला शिकवत होता तेव्हाही त्याला शुगर होती. मग डोक्यात वीज चमकावी तसं दुसरं आठवलं, आणि मी ओरडलोच, "अन् रोज सकाळी आईच्या हातचा तीन चमचे साखरेचा चहा पितं तू? येडा हायेस का बे?"

"हळू," तो म्हणाला. "सांभायतो म्या. दुपारचा भात सोडला त्याच्यासाठी. तळ्यावर एक फेरा वाढोला. डॉक्टरले सांगेल हाये. थो बी म्हने सोडा, म्या म्हटलं थे सोडून काई बी सांगा."

"आईला सांगतो मी आज. फिक्का देईल ती. तिला काय?"

समोरून एक एसटी गेली, धुरळा बसला, मग तो म्हणाला, "उस्तादले म्या एक डाव विचारलं होतं, का चार आने जागा कायले सोडाची? थो म्हने, रास्ते में कोई प्यार से कुछ खिला दे, तो ना नहीं बोलना पडे. तुह्या मायले सांगशीन, तं थे माह्याकडे पाहीन अन् म्हनन, इतके वर्ष म्या याले जहर पाजलं. तिनं कशासाठी पाजलं, थे तुले नाही कयत. मले कयते. सांगू नको मन्या. सांगशीन तं आपली दोस्ती खतम."

मी शब्द दिला. पण दिलेला शब्द पाळताना हात शिवशिवायचे. एकदा आई देवघरात होती तेव्हा मी त्याच्या कपातली साखर परस्पर एका चमच्यावर आणली. प्रल्हादनं पहिला घोट घेतला. आई समोरच बसली होती, नेहमीसारखी त्याच्या तोंडाकडे पाहत. त्यानं क्षणभर माझ्यावर डोळे वटारले आणि म्हणाला, "काकू, आज चहा जरासा फिक्का झाला का?" आई धावत जाऊन डबा घेऊन आली आणि माझ्या देखत दोन चमचे अजून! अंगणात गाठून मी त्याला शिव्या घातल्या. तो चपला घालत म्हणाला, "तिचं तोंड पाह्यलं का तू? कप चाखताना थे माह्याकडे कशी पाहते, पाह्यलं कधी?" मी खरंच पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्यानं घोट घेऊन "वा" म्हटल्यावरच तिच्या खांद्यांवरचा ताण उतरायचा. वीस वर्षांनंतरही. त्या दिवसापासून मी साखरेच्या डब्याला हात लावला नाही. बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, त्याची साखर चांगली ताब्यात होती, एवढी शिस्त त्यांच्या फार थोड्या पेशंटला आहे, आणि हृदयाचं काही सांगता येत नाही. मी हे वाक्य स्वतःला रोज ऐकवतो. कधी पटतं, कधी नाही.

शेवटच्या सकाळी विशेष काही घडलं नाही. चहा झाला, माझ्या पोटावर टिचकी मारून प्रल्हाद म्हणाला, "वाढून राह्यलं पुन्हा." आईला म्हणाला, "उद्या चिवळ आनतो काकू, कवळी आली हाये." आणि गेला.

प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी आई म्हणाली, मी येणार. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ऑटो सांगितला. प्रल्हादची वस्ती, भीमनगर, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. लग्न होऊन आई या गावात आली त्याला सहा दशकं उलटून गेली, आणि ती त्या गल्लीत पहिल्यांदा पाऊल ठेवत होती. हे ऑटोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. तिच्या ते आधीच लक्षात आलं असणार, कारण ती वाटभर पदर चाचपत होती. घरात पांढऱ्या कपड्यातली माणसं दाटीनं बसलेली, प्रल्हादचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. वंदना झाली, दोघंतिघं त्याच्याबद्दल बोलले. मग जेवणं सुरू झाली आणि सुनंदावहिनी आईपाशी येऊन बसल्या. "काकू, जेवन नाही तं चहा तरी घेता?"

आजूबाजूच्या बायकांचं बोलणं थांबलं. सगळ्यांना माहीत होतं आम्ही कोण ते. किसनबाबांच्या वयाचा एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, त्यानंही मान वर केली. आई म्हणाली, "घेईन ना. का नाही घेणार?"

"शक्कर किती टाकू?" वहिनींनी विचारलं. त्या घरात हे विचारायची रीतच होती.

"प्रल्हाद घ्यायचा तसाच दे."

वहिनी उठता उठता थांबल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. "घरी घ्यायचे तसा, का तुमच्या इथं घ्यायचे तसा?"

आईनं वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. "म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"घरी ते बिनशक्करचा, बिनदुधाचा घेत, काकू. शुगर होती ना त्याहिले. तेरा वर्स झाले." वहिनींच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "तुमचा कप पचावा म्हनून दुपारचा भात सोडला त्याहिनं. म्या लय डाव म्हटलं, सांगून टाका काकूले, थ्या काई रागावनार नाही. तं म्हनत, राहू दे. माह्या बापाच्या वाटची बी शक्कर हाये त्या कपात."

आई कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिली. शेवटी वहिनींच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "घरी घ्यायचा तसा दे, बाई."

वहिनींनी आतून एक बिनकानाचा छोटा पांढरा कप आणला. उस्तादनं निरोपाला दिलेल्यांपैकी एक. प्रल्हाद घरी त्यातूनच प्यायचा. पातळ पिवळसर चहा, वाफ येणारा. आईनं तो दोन्ही हातांनी धरला. आयुष्यात बिनसाखरेचा घोट न घेतलेली बाई ती. पहिल्या घोटाला तोंड कडू झालं, पण कप खाली ठेवला नाही. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग माझ्या खांद्याचा आधार घेत उठली. मला वाटलं, निघायचं म्हणते आहे. पण ती कप हातात घेऊन मोरीकडे निघाली होती, विसळायला. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. सुनंदावहिनी धावत आडव्या आल्या आणि त्यांनी कप तिच्या हातातून काढून घेतला. "ठेवा तो काकू. मी हाये ना."

आणि तिथे, मोरीच्या दारात, माझी आई रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

परतताना ऑटोत तिनं एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" म्हटलं, हो. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. निघताना वहिनींनी तो कप धुऊन, रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत घातला होता. आता तो आमच्या ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी असतो. संध्याकाळी मी काड्यांनी जेवतो. चिवळ मला प्रल्हादसारखी जमत नाही, लसूण करपतो.

आईला मात्र एक नवीन सवय लागली आहे. घरी कोणीही येवो, दूधवाला, मीटर पाहणारा, माझे जुने साहेब, ती आधी विचारते, "साखर किती टाकू?" गावात कुजबुज सुरू आहे की म्हातारी शेवटी शेवटी हात आखडायला लागली. तिच्या कानावरही ते आलं आहे. काल शेजारचा मुलगा लग्नाची पत्रिका द्यायला आला. तिनं विचारलं, तो लाजून म्हणाला, "टाका ना आजी, तुमच्या मनानं." आईनं चमचा डब्यात घातला आणि तसाच धरून ठेवला. "माझ्या मनानं नाही रे," ती म्हणाली. "खरं सांग. संकोच करू नको."